फळ्यावरचा ठिपका बिंदू नसेल, तर बिंदू असतो कुठं?

सेलूहून एका किराणा दुकानदार वडिलांनी विचारलंय: "लेक सहावीत आहे. गणिताचा पहिलाच धडा, भूमितीतील मूलभूत संबोध. सरांनी सांगितलं, बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, जाडी नसते. ही म्हणते, मग सरांनी फळ्यावर काढला तो काय होता? मला काही सांगता आलं नाही. रेषेला म्हणे टोकच नसतं, आणि प्रतल तर कुठं दिसतच नाही. जे दिसत नाही ते लेकरांना पहिल्याच धड्यात कशाला? आणि घरी समजवावं कसं?"

आधी लेकीला शाबासकी द्या. वर्गातली बाकीची पोरं वाक्य वहीत उतरवून मोकळी झाली असतील. हिनं ते वाक्य फळ्याशी ताडून पाहिलं.

परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांत मी 31 वर्षं गणित शिकवलं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी जिंतूर तालुक्यातल्या एका शाळेत एका पोरानं मला हेच विचारलं होतं. मी म्हणालो, "पुस्तकात आहे तसं लिही, मार्क मिळतील." पोरगं खाली बसलं आणि वर्षभर त्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही. उत्तर मलाच येत नव्हतं, हे त्याला तेव्हाच कळलं असावं. मला ते मान्य करायला पुढं सहा-सात वर्षं लागली.

आता उत्तराकडं वळू. आपल्या भाषेत एक सोय आहे, तिचा मी वर्गात भरपूर फायदा घेतला. आपण 'ठिपका' म्हणतो आणि 'बिंदू'ही म्हणतो. 'रेघ' म्हणतो आणि 'रेषा'ही म्हणतो. शब्दकोश यांत फारसा फरक करत नाही. मी मात्र करायचो. खडूनं काढतो तो ठिपका, मनात धरतो तो बिंदू. पेन्सिलीनं ओढतो ती रेघ, मनात धरतो ती रेषा. ठिपक्याला लांबी-रुंदी असते, पुसला तर बोटाला पांढरं लागतं. बिंदू पुसता येत नाही. म्हणजे तुमच्या लेकीचंही बरोबर आणि सरांचंही बरोबर. सरांनी काढला ठिपका आणि बोलले बिंदूबद्दल. मधली पायरी सांगायची राहून गेली, एवढंच.

पण मनात तरी काय धरायचं? इथं मी एक उद्योग करायचो. फळ्यावर खडू आडवा घासून चांगले बोराएवढे दोन ठिपके काढायचे, दोन-अडीच फुटांच्या अंतरानं. मग चार पोरांना मोजपट्टी देऊन एकेकाला त्यांच्यातलं अंतर मोजायला लावायचं, आणि उत्तर कानात सांगायला लावायचं. एक सांगायचा 70 सेंटिमीटर, दुसरा 72, तिसरा 71. मग भांडण. एकानं आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजलेलं, दुसऱ्यानं बाहेरून बाहेरपर्यंत, तिसऱ्यानं मधून मधपर्यंत. मी म्हणायचो, ठीक, ठिपका लहान करू. हरभऱ्याएवढा केला की भांडण लहान होतं. मोहरीएवढा केला की आणखी लहान. पण मिटत नाही. सुईच्या टोकाएवढा केला तरी भिंगातून पाहणारा विचारतोच, "ठिपक्याच्या कुठून मोजू?" हा प्रश्न कायमचा बंद व्हायचा असेल तर ज्याला डावी-उजवी बाजूच नाही अशी जागा लागते. त्या नेमक्या जागेला बिंदू म्हणायचं. बिंदू ही बारीकशी वस्तू नाही, 'नेमकं कुठं?' याचं उत्तर आहे.

युक्लिडनं इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास अलेक्झांड्रियात भूमितीचा ग्रंथ लिहिला, 13 भागांचा. त्यातलं पहिलंच वाक्य असं की ज्याला भाग नाही तो बिंदू. पोरांना हे वाक्य आधी दिलं तर ती टकामका बघतात. ठिपक्यांचं भांडण झाल्यावर दिलं तर म्हणतात, "हां, भाग असला तर कोणता भाग ते सांगावं लागेल."

शेतकऱ्याच्या लेकराला याहून जवळचं उदाहरण आहे. आमच्या गावाकडं तीन गावांच्या शिवा एका जागी मिळतात. तिथं दगड रोवलेला आहे, चांगला हातभर रुंद. शीव दगडाच्या या कडेला की त्या कडेला, यावरून वाद व्हायचे. कोणीतरी कधीकाळी त्या दगडाच्या डोक्यावर छिन्नीनं फुली कोरून ठेवलीय. लोक फुलीकडं बोट दाखवतात, म्हणजे दगडाकडून फुलीकडं आले. फुलीच्या रेघाही बोटभर जाड आहेत म्हणा. गणितवाला तेवढ्यावर थांबत नाही, त्या दोन रेघांच्या मधोमध जिथं त्या एकमेकींना छेदतात तिथवर जातो.

रेषेचं मी माझ्या घरात शिकलो. आमचे अण्णा गवंडीकाम करायचे. विटेचा थर लावायचा तर आधी दोन टोकांच्या दोन विटा बसवायच्या, त्यांच्यावर सूत ताणायचं आणि मधल्या विटा सुताला लावत जायचं. लहानपणी मी विचारलं होतं, सूत दोनच ठिकाणी का बांधता, तीन ठिकाणी बांधलं तर जास्त पक्कं होईल की. अण्णा म्हणाले, "दोन ठिकाणी बांधलं तर सूत सरळ राहतं. तिसऱ्या ठिकाणी बांधलं तर तिसरी वीट खरं बोलते का खोटं, ते कळतं." यात एकरेषीय आणि नैकरेषीय बिंदू दोन्ही आले. दोन बिंदूंतून एक रेषा जाते आणि एकच जाते. तिसरा बिंदू तिच्यावर असेलच असं नाही. असला तर तिघं एकरेषीय, नसला तर नैकरेषीय. वीट पुढं आली असेल तर सूत वाकतं, मागं असेल तर सुताला टेकतच नाही.

घरी करून बघा. पाटीवर किंवा पुठ्ठ्यावर एक खिळा ठोका आणि लेकीला म्हणा, यातून जाणाऱ्या रेघा ओढ. ती ओढतच राहील, खिळ्याभोवती सूर्यफूल होईल. मग दुसरा खिळा ठोका आणि म्हणा, आता दोन्हीतून जाणाऱ्या किती? एक. घासून पुन्हा ओढली तरी तीच. या 'एकच'मध्ये सगळा जोर आहे. म्हणून तर दोन बिंदूंची नावं घेतली की रेषेचं नाव होतं. पुस्तकात रेषा पीक्यू असं लिहितात ते याच भरवशावर.

आता टोक नसण्याचं. अण्णांचं सूत दोन विटांमध्ये असतं, तो रेषाखंड. त्याला दोन अंत्यबिंदू आहेत आणि त्याची लांबी मोजता येते. रात्री शेतात बॅटरी लावली की उजेड बॅटरीपासून निघतो आणि पुढं जातच राहतो, तो किरण. त्याला आरंभबिंदू आहे, शेवट नाही. दोन्हीकडं न थांबता गेली ती रेषा. म्हणून रेषेची लांबी किती, हा प्रश्नच होत नाही, आणि परीक्षेत हमखास तोच फसवा प्रश्न येतो. वहीत रेषेच्या दोन्ही टोकांना बाण काढतात. लेकरं त्याला नक्षी समजतात. तो बाण सांगतो की कागद संपला, रेषा संपली नाही.

पण टोक नसलेली रेषा हवीच कशाला, रेषाखंडावर भागणार नाही का? याचं उत्तर पेरणीत मिळतं. तिफण धरणारा जाणता माणूस पहिला तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, घालताना बैलांच्या पायाकडं बघत नाही. तो समोरच्या धुऱ्यावरच्या बाभळीवर नजर ठेवतो. तो उभा आहे ती जागा आणि ती बाभूळ, दोन बिंदू झाले, रेषा ठरली. पाऊल टाकायच्या आधीच ती तिथं आहे. एवढंच नाही, बाभळीच्या पलीकडं दुसऱ्याच्या रानातही ती गेलेली आहे, तिथं तास पडणार नसला तरी. आज दोन रेघा कागदावर मिळत नाहीत म्हणून त्या समांतर, असं म्हणता येत नाही. वाढवल्यावर मिळतात का, हे विचारावं लागतं. वाढवायची सोय हवी, म्हणून रेषा न संपणारी.

तिफणीचे तीन फण तीन तास पाडतात, ते एकमेकांना कधी मिळत नाहीत. तुमच्या सेलूच्या स्टेशनावर उभं राहून जालन्याच्या दिशेनं पाहिलं तर रूळ लांबवर मिळाल्यासारखे दिसतात. लेकीला विचारा, खरंच मिळत असते तर गाडीचं काय झालं असतं? दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर 1676 मिलिमीटर ठेवलेलं असतं, इथंही आणि तिथंही. मिळतात ते डोळ्यांत.

आता एक अवघड जागा. नववीतली हुशार पोरं इथं गाठतात, सहावीतलीही कधी कधी. "सर, रेषा बिंदूंची बनलेली असते म्हणता. बिंदूला लांबी नाही. शून्यात शून्य कितीदा मिळवलं तरी शून्यच. मग रेषेला लांबी आली कुठून?" बरेच शिक्षक म्हणतात, ठिपक्याला ठिपका लावत गेलं की रेघ होते, तसं. हे सांगू नका. ते ठिपक्याबद्दल खरं आहे, बिंदूबद्दल खोटं आहे.

रांगोळीचे ठिपके एकाला लागून एक मांडता येतात. बिंदू लागून मांडताच येत नाहीत. कोणतेही दोन बिंदू घ्या, वेगळे असतील तर त्यांच्यामध्ये तिसरा असतोच, मध्यबिंदू. त्या अर्ध्याच्या मध्ये पुन्हा एक. हे कधी संपत नाही, म्हणून 'शेजारचा बिंदू' अशी चीजच नाही. ओळीनं मिळवत जाण्याचा हिशेब तिथंच मोडतो. एकामागून एक मिळवायचं तर एकामागून एक अशी रांग लागते, आणि रेषेवरचे सगळे बिंदू 1, 2, 3 असे क्रमांक देऊन कितीही लांबवर मोजत गेलं तरी संपवताच येत नाहीत. जर्मन गणिती गेओर्ग कांटर यानं 1874 मध्ये हे सिद्ध केलं. सहावीच्या लेकराला एवढं सांगायची गरज नाही. तिला मध्यबिंदूचा खेळ द्या: इंचभर रेघ, तिचं अर्धं, त्याचं अर्धं. पाच-सहा वेळा झालं की पेन्सिलीचं टोक जाड पडतं. बिंदू संपले का पेन्सिल हरली, तेवढं विचारा.

प्रतलाचा शब्दच लेकरांच्या ओळखीचा नाही, हा अर्धा त्रास. घरात कोणी प्रतल म्हणत नाही. मग शिक्षक म्हणतात, फळा म्हणजे प्रतल, टेबल म्हणजे प्रतल, आणि पोरं लिहितात, 'प्रतल म्हणजे फळा.' फळा हा प्रतलाचा तुकडा, जसा रेषाखंड हा रेषेचा तुकडा. प्रतल चारी बाजूंनी न संपता पसरलेलं, आणि जाडी काहीच नाही.

ते डोळ्यांसमोर आणायला मी दारापाशी जायचो. वर्गाचं दार दोन बिजागऱ्यांवर फिरतं. दोन बिजागऱ्या म्हणजे दोन बिंदू, त्यांच्यातून जाणारी उभी रेषा एकच. पण दार उघडं, अर्धं, पूर्ण लोटलेलं, भिंतीला टेकलेलं, कसंही राहू शकतं. त्या एका रेषेतून जाणारी प्रतलं वहीच्या पानांसारखी, हवी तितकी. मग मी विचारायचो, "दार एका जागी थांबवायचं तर काय करू?" एखादा म्हणायचा, तिसरी बिजागरी लावा. चांगलं उत्तर, चुकलेलं असलं तरी. तिसरी बिजागरी त्याच उभ्या रेषेत येणार, दार फिरतच राहणार. मग मागून कोणीतरी ओरडायचं, "सर, कडी लावा!" मी कडी लावायचो. कडीचा बिंदू बिजागऱ्यांच्या रेषेच्या बाहेर आहे. तो पक्का झाला की दार हलायला जागा उरत नाही. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं. 'एका रेषेत नसलेल्या' हे शब्द वाक्यात का, ते तिसऱ्या बिजागरीनं दाखवलं. हा भाग शिकवताना मला कधी घाई करावीशी वाटली नाही. पुढं फळ्यावर काही लिहावंही लागत नसे.

चुलीला दगड तीनच का? चार लावले तर एक उंच-खाली निघतो आणि भांडं डुगडुगतं. तीन दगडांची टोकं कशीही असोत, त्यांच्यातून एक प्रतल जातंच, भांडं बसतंच. थोडं तिरकं बसेल, पण डुगडुगणार नाही. आखाड्यावर बाज टाकली की चौथ्या पायाखाली चिपाड किंवा खापराचा तुकडा सारावा लागतो, तेही याचमुळं. तीन पायांनी प्रतल ठरवून टाकलं, चौथ्याला आता त्या प्रतलात येणं भाग आहे. मोजणीवाल्यांचं यंत्र तिपाईवर असतं, कारण रानातली जमीन कधीच सारखी नसते.

सपाट म्हणजे काय, हे पुन्हा गवंड्याला विचारा. गिलावा झाला की तो सरळ पट्टी भिंतीवर ठेवतो. उभी ठेवतो, आडवी ठेवतो, तिरपी ठेवतो. कुठंच पट्टीखालून उजेड दिसला नाही की भिंत लागली. पट्टी तो सगळ्या बाजूंनी का फिरवतो? घरातला पाण्याचा पीव्हीसी पाईप घ्या आणि त्याच्यावर मोजपट्टी लांबीच्या बाजूनं ठेवा. तंतोतंत बसते. आडवी ठेवा, डुलते. एकाच दिशेनं तपासलं असतं तर पाईपही सपाट ठरला असता. रांजणावर तर कुठूनच बसत नाही. भूमितीत हीच गोष्ट एका वाक्यात येते: रेषेवरचे दोन बिंदू प्रतलात असले की सबंध रेषा त्या प्रतलात असते. अण्णांनी हे वाक्य ऐकलं नव्हतं, पण हजार भिंतींवर वापरलं होतं.

दोन भिंती एकमेकींना कोपऱ्यात मिळतात, ती एक रेषा. तिसरी फरशी आली की त्या कोपऱ्यात तळाशी एक बिंदू. इथं वर्गात एकदा एका पोरीनं मला धरलं. वहीचा कागद ताठ धरून तिनं त्याचा एक कोपरा बाकाला टेकवला आणि म्हणाली, "सर, दोन प्रतलं छेदली तर रेषा मिळते म्हणता. हे बघा, एकच बिंदू." सगळा वर्ग गप्प. आक्षेप पक्का होता. मग तिलाच विचारलं, कागद मोठा असता तर? बाक पोकळ असतं तर? ती कागद हळूच बाकाच्या कडेशी घेऊन गेली. कोपरा कडेच्या खाली जाऊ दिला आणि कागद जिथं बाकाच्या पातळीला भिडत होता तिथं बोट फिरवलं. बिंदू नव्हता, रेघ होती. कागद संपतो म्हणून बिंदू वाटला, प्रतल संपत नाही. त्या पोरीमुळं मला स्वतःला कळलं की 'न संपणारं' हा शब्द व्याख्येत शोभेसाठी नाही. तो काढला तर पुढचं वाक्यच खोटं पडतं.

समांतर रेषांच्या व्याख्येतही असेच दोन शब्द पोरं खाऊन टाकतात. 'एकाच प्रतलातील ज्या रेषा एकमेकींना छेदत नाहीत त्या समांतर.' पहिले दोन शब्द गाळून लिहिलं तर वरच्या विजेच्या तारा आणि खालून आडवा जाणारा गाडीरस्ता समांतर ठरतील. तार पूर्व-पश्चिम, रस्ता दक्षिण-उत्तर, जन्मात भेटणार नाहीत, आणि समांतरही नाहीत. त्या दोघींना पोटात घेणारं एक प्रतल नाही, म्हणून. शंका असेल तर दोन पेन्सिली हातात धरून एक वर, एक खाली आडवी ठेवा आणि दोन्हीवर एकच पुठ्ठा सपाट बसवून बघा.

पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे प्रतल, असं बरेच जण सांगतात. ताटातल्या पाण्यापुरतं चालेल. पैठणला नाथसागरापाशी, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयापाशी, गेलात तर तिथं चालत नाही. जायकवाडीचं धरण साधारण 10 किलोमीटर लांब आहे. पाणी पृथ्वीच्या गोलाईप्रमाणं वाकतं. 10 किलोमीटर अंतरावरच्या पाण्याच्या दोन जागा अगदी सरळ दांडीनं जोडल्या, तर मधोमध ती दांडी पाण्याखाली जवळजवळ 2 मीटर जाईल. जलाशयाची लांबी 55 किलोमीटर धरली तर मध्यावर ती 59 मीटर खाली जाते, म्हणजे तळ फोडून जमिनीत. मग गवंडी पाण्याची लेव्हल नळी कशी काय वापरतो? 10 मीटरच्या भिंतीत हा फरक मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा येतो. केसाच्या जाडीपुढं तो काहीच नाही. अण्णांच्या कामाला पाणी सपाट, नाथसागराला नाही. हा हिशेब नववी-दहावीच्या पोरांकडून पायथागोरसनं करून घेता येतो, पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर धरून.

आता तुमचा मुख्य प्रश्न: दिसत नाही ते पहिल्या धड्यात कशाला? कारण कुठून तरी सुरुवात करावी लागते. शब्दाचा अर्थ सांगायला आधीचे शब्द लागतात. त्रिकोण सांगायला रेषाखंड लागतो, रेषाखंड सांगायला रेषा आणि बिंदू. बिंदू कशानं सांगायचा? शब्दकोशात एखादा शब्द बघा, अर्थातला शब्द बघा, त्याच्याही अर्थातला बघा. चार उड्यांत निघालो तिथंच परत येतो. युक्लिडनं व्याख्या देऊन बघितल्या. रेषा म्हणजे रुंदी नसलेली लांबी, असं त्यानं लिहिलं. मग रुंदी म्हणजे काय, ते लिहिलं नाही. 1899 मध्ये डेव्हिड हिल्बर्टनं जर्मनीत भूमितीची पुन्हा पायाभरणी केली तेव्हा त्यानं हा हट्टच सोडला. बिंदू, रेषा, प्रतल यांच्या व्याख्या द्यायच्या नाहीत. त्यांचं आपसात कसं जमतं, ते नियम तेवढे द्यायचे. त्यांना गृहीतकं म्हणतात.

हे पोरांना बुद्धिबळात लगेच कळतं. सोंगट्यांतला वजीर हरवला की आपण चिंचोका ठेवतो, आणि डाव बिनबोभाट चालतो. वजीर म्हणजे काय? लाकूड नाही, चिंचोका नाही. सरळ आणि तिरपं कितीही घरं जातो तो वजीर. चाल कळली की वजीर कळला. तसा दोन असले की एकच रेषा ठरते, रेषेबाहेरचा तिसरा आला की एकच प्रतल ठरतं, तो बिंदू. 'लांबी-रुंदी-जाडी नाही' हे वाक्य म्हणजे चिंचोक्याचं वर्णन. खेळ चालीत आहे. म्हणून तुमच्या लेकीला व्याख्या पाठ करायला लावण्यापेक्षा चाली खेळायला लावा.

आपल्याकडचं एक जाता जाता. यज्ञवेदी आखायच्या जुन्या ग्रंथांना शुल्बसूत्रं म्हणतात. शुल्ब म्हणजे दोरी. युक्लिडचा ग्रंथ अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी अरबीवरून संस्कृतात आणला, त्याचं नाव 'रेखागणित'. आपण कोणाला सुतासारखा सरळ करतो म्हणतो, तेव्हा शुल्बसूत्रांतलीच दोरी हातात असते.

परीक्षेचं विचारलं नाहीत, पण विचाराल. बिंदू, रेषा आणि प्रतल हे मूलभूत संबोध आहेत, त्यांच्या व्याख्या करत नाहीत, असं तिनं सरळ लिहावं. रेषाखंड, किरण, समांतर रेषा, एकरेषीय बिंदू यांच्या व्याख्या मात्र शब्द न गाळता लिहाव्या. आणि रेषेची लांबी विचारली तर घाबरून आकडा टाकू नये.

घरी करायला एक काम देतो, दुकानातले मूठभर हरभरे पुरतील. जमिनीवर तीन हरभरे ठेवा, कसेही, पण एका ओळीत नको. दोन-दोन जोडत किती रेषा? तीन. मग चार. इथं तिला 'सहा' म्हणू द्या, आणि विचारा, नेहमी सहाच का? चारही एका ओळीत असले तर एकच रेषा. तीन ओळीत आणि एक बाहेर असला तर चार. तीन कोणतेही ओळीत नसले तरच सहा. 'चार बिंदूंतून किती रेषा?' या प्रश्नाला एक उत्तर नाही, हे तिनं स्वतः मांडून बघितलेलं बरं.

मग पाचवा हरभरा टाका. आता 1, 5, 6, 8 आणि 10 रेषा येतील अशा मांडण्या तिला सापडतील, थोडा वेळ लागेल. ती सात रेषा आणायच्या मागं लागली तर लागू द्या. सात येत नाहीत, पण ते तुम्ही सांगू नका. आणि का येत नाहीत, हे तिनं विचारलं तर मला कळवा.